चाकं पाण्यात होती

ये गं, अशी जवळ ये. उंबऱ्यात काय उभी राहतेस वसुलीच्या माणसासारखी? मागच्या खेपेला आलीस, चहा तसाच ठेवलास आणि पळालीस. जाताना म्हणालीस, "आजी, ते दवाखान्याचं पुढच्या वेळी सांग हं." पुढची वेळ, पुढची वेळ करता करता माझे दात गेले. म्हणून हे लिहिते आहे. मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, तेव्हा जसं बोलते तसंच लिहिणार. तू वाचताना असं समज की मी समोर बसले आहे, आणि मधेच पान उलटू नकोस.

"उतर खाली."

चौक गावच्या बाजारात, भर रस्त्यात, डॉक्टरसाहेब मला असं म्हणाला. गाडी माझी. बैल माझे. साहेबाच्या बुडाखाली घातलेली गोधडीसुद्धा माझीच, नवरा आजारी होता तेव्हा त्याच्या अंगावरची. मी पुढे दांडीवर बसून बैल हाकत होते. दोन्ही बाजूंनी दुकानं, माणसं बघताहेत.

मला वाटलं, चाकाला काही झालं. मी म्हटलं, "काय झालं, सायेब?"

तो म्हणाला, "विधवा बाईशेजारी बसून गावातून जाऊ की काय मी? उतर. पुढे चाल."

शेजारी कुठली गं? त्याच्या आणि माझ्या मधे त्याची ट्रंक होती. पण मी उतरले. कासरा हातात धरला आणि माझ्याच गाडीपुढे चालू लागले. कुणीतरी हसलं. एक बाई दुसरीला म्हणाली, "बैलांना बाय बरी मिळाली." पाय भाजत होते. मी मान वर केली नाही. तेव्हा मला बाविसावं लागलं होतं, आणि मला वाटलं की हे असंच असतं. हेच मला आज जास्त लागतं. त्याने उतरवलं ते नाही. मी उतरले ते.

आता मी त्या गाडीवर कशी आले, ते सांगते.

लढाईचे दिवस होते. मुंबई-पुण्याच्या रस्त्यावरून लष्कराच्या लॉऱ्या एकामागोमाग एक जायच्या आणि आमच्या भातावर धूळ बसायची. माझा नवरा हिवतापाने गेला. मागे राहिली सासू, मी, एक गाडी आणि दोन बैल. एक खैऱ्या, एक बाळ्या. खैऱ्या तांबूस होता, जरा रागीट, पण माझ्या हाकेला कान वळवायचा. गाडी हाकायला मला नवऱ्यानेच शिकवलेली. बाळंतपणं करायला सासूने शिकवलं. ती आसपासच्या वाड्यांची सुईण होती, तिचे डोळे गेले तसा तिचा हात माझ्याकडे आला.

दवाखान्यात दाई हवी होती. मला घेतलं. दवाखाना कुठला ते लिहीत नाही. त्या गावात आता दुसरी माणसं नांदतात, त्यांचा काय दोष? तर मी लागले. सासूला आनंद झाला. म्हणाली, "सरकारी मानूस झालीस गं."

पहिल्याच आठवड्यात कारकून म्हणाला, "तुझ्याकडे गाडी आहे म्हणे?"

मी म्हटलं, "हाय."

"मग उद्यापासून घेऊन येत जा. मोटारीला पेट्रोल मिळत नाही. साहेबांना फिरतीला जावं लागतं."

मी म्हटलं, "नोकरी मी धरली. बैलांची कुटं बोलनी झाली?"

कारकून हसला. म्हणाला, "नोकर तू ना? मग तुझे बैल काय घरजावई?"

सगळे हसले. मीसुद्धा हसले बघ. हसण्यात गोष्ट निघून गेली आणि दुसऱ्या दिवसापासून माझी गाडी दवाखान्याच्या दारात उभी राहू लागली.

गाडीचा म्हणून काही भत्ता असतो, हे मला माहीत नव्हतं. तो साहेबाच्या नावावर यायचा. पट्टेवाल्याने एकदा सांगितलं, मी कारकुनाला विचारलं, तर तो म्हणाला, "तो फिरतीचा भत्ता. फिरतात साहेब. तू नुसती हाकतेस." मी पेंड मागितली. पेंड नाही. वंगण मागितलं. वंगण नाही. लाकडी चाकावर जी लोखंडी पट्टी बसवतात ना, तिला आमच्याकडे धाव म्हणतात. उजव्या चाकाची धाव सैल झाली होती. लढाईमुळे लोखंड मिळत नव्हतं, चौकचा लोहार दुप्पट मागत होता. मी साहेबासमोर हात जोडून उभी राहिले. तो कागदावरून डोळे न उचलता म्हणाला, "तुझी गाडी, तूच बघ."

बघ कसं आहे. कामाला बोलवायची तेव्हा गाडी सरकारची. धाव बसवायची तेव्हा गाडी माझी.

सैल धावेला गरिबाचा एकच उपाय असतो. चाकं पाण्यात टाकायची. लाकूड पाणी पितं, फुगतं, आणि धाव घट्ट बसते. उन्हाळ्यात लाकूड आक्रसतं, तेव्हा हे करावंच लागतं. आमच्या बाजूला सोमवारी बैल जुंपत नाहीत. ती महादेवाची सुट्टी, बैलाचा वार. म्हणून सगळे गाडीवाले सोमवारी सकाळी चाकं सोडायचे आणि नदीच्या डोहात टाकायचे, ती मंगळवारी पहाटे काढायचे. सोमवारी नदीवर गेलीस तर पाण्यात नुसती चाकं दिसायची, म्हशी बसल्यासारखी.

वैशाखातला सोमवार होता. मी चाकं नुकतीच पाण्यात टाकली होती. बैल जांभळीखाली बसले होते. तेवढ्यात पट्टेवाला धावत आला. "चल, साहेबांनी गाडी बोलावलीय. आत्ताच्या आत्ता."

मी म्हटलं, "दादा, आज सोमवार हाय. चाकं पान्यात हायत."

तो म्हणाला, "ते मला सांगू नको. कर्जतला आगगाडी गाठायचीय साहेबांना. उशीर झाला तर तुझी आणि माझी दोघांची जाईल."

सासू ओट्यावरून ओरडली, "सोमवारी नको गं जुपू! नको जुपू!" मी ऐकलं नाही. नोकरी डोळ्यांपुढे होती. चाकं ओढून काढली. वरवर भिजली होती, आत लाकूड कोरडंच. बैलांच्या मानेवर जू ठेवलं तेव्हा खैऱ्या मागे सरला. त्यालाही वार कळत होता. मी त्याच्या मानेवर हात फिरवला आणि म्हटलं, "आजच्या दिवस."

साहेब आला. औषधाची पेटी नाही, ट्रंक होती. हातात पेढ्यांचा पुडा, अंगात इस्त्रीचा कोट. फिरती कसली गं, घरच्या लग्नाला निघाला होता मुंबईला. चौकच्या बाजारात त्याने मला उतरवलं, ते तुला सांगितलंच. बाजार संपला, तरी त्याने वर बस म्हटलं नाही. मी कर्जतच्या रस्त्याने चालत राहिले. तो मागून सारखा घड्याळ काढायचा. "पळव. पळव ना. झोपली आहेस का?"

मी म्हटलं, "चाक कच्चं हाय, सायेब. उतारावर पळवाया नको."

"पळव म्हटलं ना!"

त्याने स्वतःच छत्री खैऱ्याच्या पाठीत टोचली. खैऱ्या उधळला. कासरा माझ्या हातातून कातडी घेऊन निघाला. उतार होता. धाव निखळली आणि वेगळीच, एकटी रस्त्यावरून पळत गेली. मग चाक फुटलं. आणि समोरून इस्माइलचाचा येत होता.

इस्माइलचाचा म्हणजे वाड्यावाड्यांतून बांगड्या भरणारा. चौक गावातच राहायचा. डोक्यावर बांगड्यांची पेटी, खांद्यावर पंचा. माझा नवरा गेल्यापासून तो आमच्या दारावरून जाताना हाक द्यायचा नाही. मला बांगडीचा आवाज ऐकू जाऊ नये म्हणून पेटी हाताने दाबून धरायचा. असा माणूस. गाडी त्याच्या पायावर पडली.

साहेब उडी मारून बाजूला झाला होता. त्याला खरचटलंही नाही. त्याने चाच्याच्या पायाकडे पाहिलं. डॉक्टर होता ना तो? वाकला नाही. उभ्याउभ्या म्हणाला, "हाड मोडलंय. दवाखान्यात ने."

मी म्हटलं, "तुमी निगालाव, मंग दवाखान्यात कोन हाय?"

पाठीमागून एक टांगा येत होता. साहेब त्यात ट्रंक ठेवून बसला. पेढ्यांचा पुडा घ्यायला विसरला नाही. गेला.

रस्त्यावर बांगड्यांचा चुरा पडला होता, हिरवा, लाल. मी लुगड्याचा काठ फाडला, कुंपणातल्या दोन कामट्या काढल्या आणि पाय बांधला. चाचा दातांवर दात धरून म्हणत होता, "तुजा दोस नाय, बाय. मी पायलंय. छत्री त्यानं मारली. मी पायलंय."

गावात बातमी माझ्याआधी पोचली. बायका म्हणाल्या, "सोमवारी जुपलेन् ना, मंग हे व्हायचंच." मला तेच खरं वाटलं. कित्येक दिवस मी महादेवापुढे नाक घासत होते. साहेबाचं नावसुद्धा माझ्या मनात आलं नाही. आपल्या मनालाही कशी सवय लागलेली असते बघ.

मग चौकशी लागली. मामलेदार कचेरीत मला बोलावलं, बैलांसकट. मी बैल बाहेर चिंचेला बांधले. चाचा कुबडीवर आला, त्याची बायको सोबत. डॉक्टरसाहेब आला नव्हता, त्याचा कागद आला होता. आमच्याच दवाखान्यातल्या कारकुनाने तो घडघड वाचला. पुस्तकातली भाषा, मधेमधे इंग्रजी. "सदर", "उपरोक्त", "सबब". मला एवढंच कळलं की माझ्याबद्दल काहीतरी आहे.

खुर्चीतल्या साहेबाने विचारलं, "गाडी कोणाची?"

चाचा मागून हळूच म्हणाला, "सरकारी कामावर व्हती म्हन, बाय. सरकारी म्हन."

मला ते म्हणता आलं असतं. पण दारातून चिंच दिसत होती. खैऱ्या माझ्याकडे बघत होता. आमच्या घरात बैल समोर असताना त्याला परक्याचा म्हणत नाहीत. विकायला काढला तरी गिऱ्हाइकाशी बोलताना त्याला गोठ्यात ठेवतात, त्याच्या कानावर नको म्हणून. सासूने पहिल्या दिवशी मला हेच शिकवलं होतं. आणि खोटं कशाला सांगू, मला अभिमानही होता. एवढ्या लोकांत कुणीतरी मला विचारत होतं की तुझं काय आहे.

मी म्हटलं, "माजी."

"बैल?"

"माजंच हायत. घरचं."

साहेबाने लिहून घेतलं. "जुंपायला कोणी सांगितलं?"

"डाक्तरसायबानं. पट्टेवाला आल्ता."

"लेखी हुकूम?"

मी मागे वळून पाहिलं. पट्टेवाला भिंतीशी उभा होता. तो आपल्या पायांकडे बघत होता. त्यालाही चार लेकरं होती.

तेव्हा चाचा कुबडी टेकत पुढे आला. म्हणाला, "सायेब, एक बोलू? या मुलखात सोमवारी आपल्या कामाला कोनीबी बैल जुपत नाय. कोनालाबी इचारा. सोमवारी चाकं नदीत असतात. हिचीबी व्हती. ती भाईर काडली, ती सायबासाटीच. दुसरं कशाला काडील ती?"

एवढा सरळ पुरावा दुसरा कुठला असणार गं? आमच्याकडच्या लहान पोराला विचारलं असतं तरी त्याने मान डोलावली असती.

खुर्चीतल्या साहेबाने कारकुनाकडे पाहिलं. म्हणाला, "मग काय, नदीतली चाकं साक्षीला बोलावू?"

दोघं हसले. इतर माणसंही हसली. चाचा तसाच उभा राहिला, घाम पुसत. मग माझ्यापुढे कागद आणि त्याची नक्कल सरकवली. अंगठा धरला, शाईत बुडवला आणि दोन्हींवर उमटवला. म्हणजे मीच उमटवला. कुणी हात पिरगाळला नव्हता.

निकाल लागला. गाडी माझी, तेव्हा चाच्याच्या पायाची भरपाई माझी. घरात द्यायला काही नव्हतं, म्हणून खैऱ्या जप्त झाला.

चाचा म्हणाला, "मला नको. बैल विकून मला पैसं नको."

त्याची बायको इतका वेळ पदराआड होती. ती हळू बोलली, "नको कसं म्हन्ता? घरात पाच तोंडं हायत. तुमी कशावर चालनार?"

ती बरोबर होती. तिच्यावर मी कधीच रागावले नाही. ज्याच्यावर रागवायचं तो तिथे नव्हता. तिथे होतो आम्ही दोघं, एक पाय मोडलेला आणि एक बैल गेलेली, एकमेकांसमोर उभे केलेले.

खैऱ्याला लिलावात ठेकेदाराच्या माणसाने घेतलं. लष्कराला पुरवठा करायचा तो. पुरवठा कसला, ते मी विचारलं नाही. तूही विचारू नकोस. दावं सोडताना खैऱ्याने माझ्या हाताला नाक लावलं. सासू दोन दिवस जेवली नाही. बाळ्या रात्री हंबरायचा, मग हंबरायचाही थांबला.

आठ दिवसांनी पट्टेवाला दारात आला. मान खाली. म्हणाला, "साहेबांनी गाडी बोलावलीय. नवं चाक बसव म्हणाले. एक बैल कुणाचा तरी उसना घे म्हणाले."

मी पदर खोचला आणि चालत दवाखान्यात गेले. रिकाम्या हाताने.

साहेबाने खिडकीतून पाहिलं. "गाडी कुठे आहे?"

मी म्हटलं, "मी नोकर हाय. बैल नोकर नाय. गाडी हवी तर लिवून द्या. गाडी कामाची, मोडली तर कामाची, कोनाला लागलं तर कामाची. असं लिवा."

खोकणारे पेशंट वळून बघू लागले.

साहेब म्हणाला, "लिहून देऊ? तुला वाचता येतं?"

"येत नाय," मी म्हटलं. "शिकीन. तवर गाडी घरी राहील."

त्याने त्याच दिवशी मला काढलं. उद्धट म्हणून. पुढच्या महिन्यात दुसरी दाई लागली, तिच्या दिराची गाडी होती. मी तिला वाटेत गाठून सांगितलं, लिहून घे. ती म्हणाली, "मला नोकरी हवी हाय." मलाही हवी होती.

शिकले मात्र. सोपं नव्हतं. दिवसा दुसऱ्याच्या शेतावर मजुरी. चाचा आता फिरू शकत नव्हता. चौकला एका गॅरेजच्या सावलीला फळकूट टाकून बसायचा, सुया-दोरे विकायचा. त्याला बाळबोध अक्षरं येत होती. मी बाजाराला गेले की तो कोळशाने फळीवर अक्षर काढायचा. म्हणायचा, "हा ख. खैऱ्याचा ख." मग स्वतःच ते अक्षर हाताने पुसून टाकायचा. रस्त्यावरचे मैलाचे दगड, चहाचे डबे, दुकानांच्या पाट्या, दिसेल ते मी वाचत सुटले.

अंगठा घेतलेल्या कागदाची नक्कल माझ्याकडे होती, ट्रंकेत तळाशी. चाचा म्हणायचा, "आन, मी वाचून दावतो." मी आणली नाही. दुसऱ्याच्या तोंडून ऐकूनच माझा अंगठा उठला होता. आता मला माझ्या डोळ्यांनी हवं होतं.

वाचता येईपर्यंत तीन पावसाळे गेले. एके दुपारी ओट्यावर बसून मी तो कागद उलगडला. एकेक अक्षर बोटाने धरत गेले. आणि तिथे लिहिलं होतं: "सदर दिवशी दाई रजेवर असून स्वतःच्या खाजगी कामाकरिता गाडी हाकीत होती."

रजेवर. गं, मी रजेवर होते! त्या खात्यात मला कधी एक दिवस रजा मिळाली नव्हती. पुढे लिहिलं होतं, "सदरहू मजकूर तिला वाचून दाखविला, तिने मान्य केला." आणि खाली माझा अंगठा. काळा, स्पष्ट, एकेक रेघ दिसणारा. तो घडघड वाचलेला कागद तो हा.

तोवर मी समजत होते, मी "माजी" म्हटलं म्हणून बैल गेला. सोमवार मोडला म्हणून गेला. तसं नव्हतं. मी कचेरीत पाय ठेवायच्या आधीच तो गेलेला होता.

मी उठले आणि तशीच दवाखान्यात गेले. तो साहेब बदलून गेला होता, वरच्या जागेवर. कारकून तोच होता, आता गांधीटोपी घालत होता. मी कागद त्याच्यापुढे धरला. म्हटलं, "हे खोटं हाय. मी रजेवर नव्हते. हजेरीबुक काडा."

त्याने कागद पाहिला, मला पाहिलं. "वाचायला शिकलीस होय?" म्हणाला. मग आवाज मऊ केला. "बाई, आता स्वराज्य आलं. जुनं कशाला उकरतेस?"

"स्वराज्य आलंय, तर हे खोडा."

"ते खोडता येत नाही."

"का?"

"तुझा अंगठा आहे त्याच्यावर."

मी कागदाची घडी घातली. कुणाकडे जायचं ते ठाऊक नव्हतं. खैऱ्याला कोण आणणार होतं? चाच्याचा पाय कोण सरळ करणार होतं? मी पायऱ्या उतरले. वाटेत कुणी भेटलं, मला काय म्हणालं, काही आठवत नाही.

एवढंच आठवतं की त्या पायऱ्यांवर मी ठरवलं, माफ करायचं नाही. लोक म्हणतात, म्हातारपणी माणसाने सोडून द्यावं. मी नाही सोडत. तो साहेब मेला असेल, कारकून मेला असेल. मी नाही सोडत. त्या दिवसानंतर माझा अंगठा कुठल्याही कागदाला लागला नाही, आणि माझ्या ओळखीच्या एकाही बाईचा मी न वाचता लागू दिला नाही. काहींनी मला शिव्या घातल्या, तुझ्यामुळे काम गेलं म्हणाल्या. खरंच गेलं काहींचं. तरीही लागू दिला नाही, आणि जीव आहे तोवर देणार नाही.

आता तुझी आई, माझ्याच हातांत जन्मलेली शेजारची पोर, सांगत होती, तू स्वतःची स्कूटर घेऊन कंपनीच्या कामाला खोपोली-कर्जत फिरतेस, आणि कंपनीने कसलासा कागद पुढे केला आहे, वाहनाची सगळी जबाबदारी तुझी म्हणून. सगळ्याच सह्या करतात, मी पण करणार, असं म्हणालीस म्हणे. करू नकोस. तो कागद घे आणि इकडे ये. मला चष्म्यानेही कमी दिसतं, पण एकेक अक्षर बोटाने धरून मी वाचीन, कितीही वेळ लागो. चहा या वेळी पूर्ण पिऊन जा. पण ये, पोरी. सही व्हायच्या आत ये.